पिसे टेलर्सचा बुधवार

"आणि गळा मोठा झाला तर?"

"तर वारा चांगला लागंल," पिसेकाका म्हणाले.

"खांदा उतरला तर?"

"वर चढवायचा."

"आणि कापता कापता कात्रीच सरकली तर?"

काकांनी हातातली पिशवी खाली ठेवली. सोलापूरची एसटी फलाटाला लागली होती आणि कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता. काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन उद्या सकाळी, सोलापुरात, मुलीच्या घराजवळच्या दवाखान्यात होतं. मी त्यांना गाडीत बसवून द्यायला आले होते, पण गाडीकडे आमच्या दोघांचंही लक्ष नव्हतं.

"सुलभा, तुझं नाव कुणी ठिवलं गं?"

"आत्यानं."

"तिला एकदा भेटलं पायजे."

हसण्यावारी नेलं त्यांनी, पण खरं होतं ते. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि मला काहीच सुलभ नव्हतं. घरातून निघताना गॅस तीनदा बघायचा, कडी चारदा ओढायची, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचं आणि पाचव्यांदा ओढायची. आई बाजारातून यायला दहा मिनिटं उशीर झाला की मी मनातल्या मनात सरकारी दवाखान्यापर्यंत जाऊन यायची. सकाळी डोळे उघडायच्या आधी छातीत धडधड सुरू व्हायची, आणि कशाची ते नंतर शोधावं लागायचं. बार्शीतल्या पिसे टेलर्समध्ये मी तीन वर्षं कामाला होते. हुक, काज, तुरपाई, फॉल सगळं करायची, मशीनही झकास चालवायची. फक्त कात्रीला हात लावत नव्हते. शिवण चुकली तर उसवता येते, कापलेलं कापड काही परत जुळत नाही.

"हे बग," काका म्हणाले, "आपल्या दुकानात रोज किती गिऱ्हाईक येतंय?"

"पंचवीस-तीस."

"आन् समद्यास्नी आजच पायजे असतंय. मी काय म्हणतो?"

"बुधवारी या म्हणता."

"भांडतो का त्यांच्यासंगं? हाकलून देतो का?"

"नाही. बसा म्हणता, पाणी देता, आणि मग बुधवारी या म्हणता."

काकांचा बुधवार अख्ख्या गावात प्रसिद्ध होता. एखाद्याचं लग्न जमत नसलं, की लोक म्हणायचे, त्याचा मुहूर्त पिसे टेलर्सच्या बुधवारी आहे.

"मग तुझ्या डोक्यात जे येतंय ना, गळा मोठा झाला तर न् खांदा पडला तर, ते बी गिऱ्हाईकच हाय. आलं की म्हणायचं, या, बसा, बुधवारी या. न् आपण आपलं काम करायचं."

"आणि बुधवारी खरंच आले तर?"

"ज्याचं खरंच काम असतंय ते येतंय की बरोबर. त्याचं करून द्यायचं. बाकीचं निम्मं इसरून जातंय."

"पण काका, मी काळजी केली नाही आणि नेमकं त्याच वेळी काही झालं तर?"

काका गाडीत चढले. खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे जिथं मी असावी असं त्यांना वाटलं तिथं पाहिलं.

"डोळा हुईल बरा. पण हात आता कात्रीला नको म्हणतोय. शुक्रवारी गुंडबाईचं लगीन हाय. तिच्या ब्लाउजला तू कात्री लावलीस तर दुकान फुडं चालंल. न्हाईतर आल्यावर दोन्ही मशिनी इकून टाकतो न् लेकीकडं जाऊन ऱ्हातो."

गाडी सुटली. मी गाडीमागं हात हलवत राहिले आणि माझ्या डोक्यात तोवर सात गिऱ्हाइकं येऊन बसली होती.

त्याच दुपारी प्रतिभा गुंड माप द्यायला आल्या. नावाप्रमाणे भारदस्त बाई. आमच्या शाळेत पीटीला होत्या, मी नववीत होते तेव्हापासून. एकतीस वर्षांच्या, रुंद खांद्यांच्या, कबड्डीच्या मैदानावर या टोकाला बोलल्या की त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजाच्या. त्यांनी टेबलावर ब्लाउजपीस ठेवला. हिरव्यागार रेशमावर बारीक सोनेरी बुट्टे.

"शालूतूनच निघालाय. हा एवढाच. दुसरा मिळायचा नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काका कुठायत?"

"ऑपरेशनला गेलेत. मीच कापणार आहे."

मी टेप घेतली आणि मापं घ्यायला लागले. टेपचं टोक थरथरत होतं.

"नववीतही तुला असाच घाम फुटायचा," बाई म्हणाल्या. "लांब उडीच्या वेळी."

"मी लांब उडी मारलीच नाही कधी, बाई."

"माहिताय ना. दर गुरुवारी पोट दुखायचं तुझं."

मला हसू आलं आणि टेप जरा स्थिर झाली.

"हे बघ सुलभा, मला दुसरं काही नको. गळा कसाही कर, पाठ कशीही कर. फक्त माझा हात वर झाला पाहिजे." त्यांनी दोन्ही हात सरळ छताकडे नेले. "एवढा. गेल्या वर्षी आपल्या मुली जिल्ह्यात पहिल्या आल्या. मला ढाल दिली. मी ढाल डोक्यावर उचलली आणि दोन्ही मुंढे काखेत टरकन फाटले, सहाशे पोरांसमोर. सगळे हसले. मीसुद्धा हसले." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "घरी जाऊन मात्र खूप रडले गं."

मी मापाच्या वहीत खाली बघून उगाचच आकडे गिरवले.

"आता आमचा नवरदेव, वासुदेव, आहे पाच फूट तीन इंच. चित्रकला शिकवतो. माझ्या कानाला लागतो, पण हसवतो छान. त्याच्या मित्रांनी पैज लावलीय, हार घालताना त्याला असं उचलायचं की माझा हात पोचता कामा नये. लग्नाला सगळी शाळा येणार. अंग चोरून, कोपरं पोटाशी धरून उभी राहणारी नवरी मी नाही. मी हात वर करणार."

"आणि ब्लाउज फाटला तर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तो प्रश्न मी तुला विचारायला आलेय," बाई म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी दुकान उघडून मी हिरवं रेशीम टेबलावर पसरलं. कात्री हातात घेतली. पहिलं गिऱ्हाईक ताबडतोब आलं. गळा मोठा झाला तर? दुकानात कुणी नाही असं बघून मी मोठ्यांदा म्हणाले, "या, बसा. बुधवारी या." मलाच हसायला आलं. पण मी मुळात सरळमार्गी मुलगी, गिऱ्हाइकाला वार दिला की वहीत टिपून ठेवायचा हे अंगात मुरलेलं. मापाच्या वहीचं शेवटचं पान काढलं आणि लिहिलं : एक, गळा मोठा झाला तर. बुधवार, चार वाजता.

मग रांग लागली. मुंढा आखूड झाला तर. अस्तर आटलं तर. कात्रीला गंज असला तर. काकांचं ऑपरेशन. आईचा खोकला. बाईंचं वजन शुक्रवारपर्यंत वाढलं तर. मीच आजारी पडले तर. प्रत्येकाला नंबर दिला, बसा म्हटलं, बुधवारचे चार दिले. बारा वाजेपर्यंत एकतीस झाले. आणि मग गंमत झाली. बत्तिसावं कुणी आलंच नाही. डोक्यात एकदम, दुपारी दुकान रिकामं होतं ना, तसं झालं.

मी कापलं. पाठ कापली, पुढचे दोन भाग कापले. बाहीचा कागदी नमुना कापडावर ठेवला, खडूनं आखला, एक बाही कापली. तोच कागद उचलून शेजारी ठेवला आणि दुसरी कापली. कात्री रेशमातून अशी सरसर गेली की मला तिची भीती वाटणं अचानक बंद झालं. कापून झालं तेव्हा टेबलावर चिंध्याच तेवढ्या उरल्या होत्या. बाईंचे खांदे रुंद, कापड मोजकं. मी त्या चिंध्या गोळा करून डब्यात ठेवल्या आणि घरी गेले. निघताना दुकानाची कडी दोनदाच ओढली.

बुधवारी चारला मी पान उघडलं. कबूल करायला हवं, जरा घाबरूनच उघडलं. आता सगळी एकदम येणार, एकतीसच्या एकतीस. पण नंबर एकला विचारलं तर ते गुपचूप बसलं, कारण गळा कापून झाला होता आणि मोठा झालेला नव्हता. अस्तराचं मात्र खरं होतं, ते पाण्यातून काढायचं राहिलं होतं. काढलं, वाळत घातलं, इस्त्री केली. हुक कमी होते, ते आणले. नंबर सतरा माझ्याच अक्षरात होता, पण तिथं काय लिहिलंय ते मला वाचता येईना. पाच मिनिटं प्रयत्न केला आणि सोडून दिला. याला आज सत्तावीस वर्षं झाली. गिऱ्हाइकी काही कमी झालेली नाही, धडधडही येऊन-जाऊन असतेच, पण त्या सतरा नंबरची आठवण झाली की मला अजून खुदकन हसू येतं.

मग मी पाठ आणि पुढचे भाग जोडले, आणि बाह्या लावायला घेतल्या. डावी बाही बरोब्बर बसली. उजवी घेतली. ती डाव्याच बाजूला बसत होती.

बाहीला पुढची बाजू आणि मागची बाजू असते. पुढं खोलगट कापतात, मागं भरीव. दुसरी कापताना कागद उलटा ठेवायचा असतो, म्हणजे दोन हातांच्या दोन होतात. मी कागद उलटला नव्हता. माझ्या हातात दोन डाव्या बाह्या होत्या. दुसरी आतून बाहेर उलटी करावी तर जरीचे धागे सगळे बाहेर लोंबत होते.

पहिला विचार आला तो हाच, की बघ, काळजी केली नाहीस म्हणून झालं. मी घाईघाईनं ते पान पुन्हा काढलं आणि एक ते एकतीस बोट फिरवलं. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या झाल्या तर, असं कुठंही नव्हतं. पुन्हा फिरवलं. नव्हतंच. बाईंचं वजन वाढेल ते मला सुचलं होतं, कात्रीला गंज चढेल ते सुचलं होतं, आणि ही जी प्रत्येक शिकाऊ पोर करते ती चूक मला सुचलीच नव्हती. इतकी वर्षं मी समजत होते की माझ्या काळजीनं सगळं थोपवून धरलंय, आणि तिला तर धड काही ठाऊकच नव्हतं! मी स्टुलावर बसले आणि हसत सुटले. इतकी, की डोळ्यांतून पाणी आलं.

तेवढ्यात दारात गुंडबाई उभ्या.

"काय झालं गं?"

"बाई, तुमच्या दोन्ही बाह्या डाव्या आहेत."

बाईंनी आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. "मग याचं काय करू? घरी ठेवून येऊ?"

पण लगेच त्यांचा चेहरा उतरला. त्या बाकावर बसल्या, दोन्ही हात मांडीवर टाकून. "सुलभा, परवा लग्न आहे."

"माहीत आहे."

"दुसरा पीस नाही."

"माहीत आहे."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "तुझे हात का नाही थरथरत?"

मी हात पुढं करून बघितले. खरंच थरथरत नव्हते. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, आता नुसतं शिवायचं उरलं होतं. आणि शिवायला मी कधीच भीत नव्हते.

भिंतीवर खुंटीला एक बंडी टांगलेली होती, काकांनी जायच्या आधी एका शेतकऱ्यासाठी शिवलेली. मी ती काढली, आत हात घातला आणि बाईंना काख दाखवली. तिथं चार बोटांचा एक चौकोनी तुकडा तिरपा बसवलेला होता.

"याला चौबगला म्हणतात. गडी माणसाला वैरण वर टाकायची असते, कडब्याची गंज रचायची असते. हात वर गेला की हा तुकडा उघडतो, शिवणीवर ताण येत नाही. आता ही बाही मी दुसऱ्या बाजूनंही खोलगट कापते, म्हणजे ती उजवीकडं बसेल. पण मग मागं कापड कमी पडेल. ते चौबगल्यानं भरून काढते. आणि एकीकडं घातला तर दुसरीकडंही घालते."

"शालूच्या ब्लाउजला शेतकऱ्याची बंडी?"

"चिंध्यांत बुट्ट्यांचे दोन तुकडे आहेत. लहान आहेत, पण होतील."

"हात वर होईल?"

होईल की नाही ते मला तरी कुठं ठाऊक होतं! मी ब्लाउजला चौबगला लावलेला बापजन्मी बघितला नव्हता. "होईल," मी म्हणाले.

बाई उठल्या. "बस्स. मग काप."

माझ्यासमोर उभ्या राहून त्यांनी त्या बाहीला दुसऱ्यांदा कात्री लागताना बघितली, आणि श्वास मी नाही, त्यांनी रोखला होता.

गुरुवारी दुपारी ब्लाउज घेऊन मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, घालून, हात वर करून बघतील. पण अंगणात हळद चालली होती आणि बाई कानापासून कोपरापर्यंत पिवळ्याधमक. त्यांच्या मावशीनं ब्लाउज माझ्या हातातून काढून घेतला. "आता न्हाई घालायचा गं बाई, समदा पिवळा हुईल. उद्याच घालंल." बाईंनी लांबूनच मला खूण केली, मी मान हलवली, आणि घरी येताना मला पुन्हा सगळं आठवलं. चौबगला उसवला तर. तुकडा लहान पडला तर. आता बुधवारही शुक्रवारच्या पलीकडं गेला होता.

शुक्रवारी बारा पस्तीसचा मुहूर्त. कार्यालय खचाखच भरलेलं, अर्ध्या खुर्च्यांवर शाळेची पोरं. दुसऱ्या रांगेत पिसेकाका काळा चष्मा लावून बसले होते. सकाळच्याच गाडीनं, मुलगी नको म्हणत असताना आले होते.

"कापलंस?" मी शेजारी बसताच त्यांनी विचारलं.

"कापलं."

"बुधवार आला का?"

"आला. एकतीस होते, दोघांचंच काम निघालं."

"मी म्हणलं नव्हतं?" काका खूश झाले. "आन् आता कशापायी मूठ आवळून बसलीस?"

मुठीत अक्षता होत्या. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. प्रत्येकाच्या शेवटी "सावधान" आलं, की सगळे अक्षता टाकायचे. माझ्याच्यानं टाकवेनात. हा शब्द ऐकायला मला लग्नाला यायची काय गरज, माझ्या डोक्यात तो चोवीस तास चालू असतो. मी नुसती अंतरपाटाच्या वर दिसणारे बाईंचे खांदे बघत होते. हिरवं रेशीम, सोनेरी बुट्टे, आणि त्याखाली काखेत माझे दोन तुकडे, कुणाला न दिसणारे.

शेवटचं सावधान झालं. वाजंत्री वाजली. अंतरपाट खाली गेला, आणि त्याच क्षणी चौघा मित्रांनी वासुदेवसरांना असं उचललं की त्यांचा फेटा वरच्या झालरीला लागला. पोरं ओरडली. सर हवेत तंगड्या हलवत हसत होते.

बाईंनी वर बघितलं. एक पाऊल मागं घेतलं, चढाईला जाताना घेतात तसं. आणि उडी मारली.

दोन्ही हात सरळ वर गेले. मी कान टवकारले होते, त्या टरकन आवाजासाठी. वाजंत्रीच्या वर मला तो ऐकू आलाच असता. आला नाही. काखेतले दोन चौकोन नुसते उघडले, ऊन लागल्यासारखे चमकले, आणि हार नेमका सरांच्या गळ्यात पडला. फेट्यासकट.

सगळं कार्यालय उभं राहिलं. बाईंनी हात खाली घेतलेच नाहीत. ढाल मिळाल्यासारखे दोन्ही हात वर धरून त्या बोहल्यावर वळल्या, या बाजूला, त्या बाजूला, आणि शाळेची सहाशे पोरं शिट्ट्या मारत होती.

"चौबगला!" काका ओरडले. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "आगं, चौबगला घातलास? ब्लाउजला? तुला कुणी सांगितलं?"

"दोन्ही बाह्या डाव्या झाल्या होत्या, काका."

काकांनी क्षणभर विचार केला आणि मग ते असे हसले, की डॉक्टरांनी बघितलं असतं तर पुन्हा झोपवलं असतं. माझी पाठ थोपटायला गेले आणि पलीकडच्या बाईंची थोपटली. "मशिनी इकायच्या न्हाईत," ते त्या बाईंनाच म्हणाले. "न्हाई इकायच्या."

मला उठताही येईना. सगळे उभे, मी एकटी खुर्चीत ताठ बसलेली, मूठ तशीच आवळलेली. सगळं नीट झालंय हे डोळ्यांना दिसत होतं, पण अंगाला अजून कळलं नव्हतं.

बोहल्यावरून बाईंनी मला शोधलं. हात अजून वरच होते. आणि मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला जाणाऱ्या त्या आवाजात त्यांनी वाजंत्रीच्या वर हुकूम सोडला :

"सुलभा! विश्राम!"

सगळी पोरं सवयीनं पाय फाकवून, हात मागं बांधून उभी राहिली. पाठोपाठ अख्खं कार्यालय हसलं. मी मूठ उघडली आणि घामानं चिकटलेल्या त्या अक्षता, सगळ्यांच्या नंतर, एकटीनं टाकल्या.